पीएचई दोन-तीन पॅरलल चालू, तरी सप्लाय थंड येत नाही आणि व्हॉल्व्ह सारखे वरखाली : कुठून तपासायचं

उंच टॉवरवाल्यांची ही नेहमीची तक्रार, आणि दर उन्हाळ्यात हाच फोन येतो की "साहेब, पीएचईच्या प्लेटा चोक झाल्यात, क्लीनिंगचं कोटेशन पाठवा". (पीएचई म्हणजे प्लेट हीट एक्स्चेंजर: एसीच्या थंड पाण्याचे दोन लूप न मिसळता पातळ प्लेटांमधून फक्त थंडावा इकडून तिकडे देणारं यंत्र.) बहुतेक वेळा प्लेटा चोक झालेल्या नसतात. म्हणून प्लेटा उघडायच्या आधी काय काय बघायचं ते इथे एकदा नीट लिहून ठेवतोय, सोप्या आणि फुकट गोष्टी आधी, खर्चाच्या नंतर.

आधी सेटअप सांगतो म्हणजे आकडे समजतील. मुंबईतला एखादा १८० मीटरचा टॉवर घ्या, चिलर बेसमेंटला. दर १० मीटर उंचीला साधारण १ बार प्रेशर, म्हणजे नुसत्या उभ्या पाण्याचंच खाली १८ बार होतं, पंपाचं वेगळं. पीएन १६ चे (१६ बारपर्यंतचे) व्हॉल्व्ह आणि फिटिंग त्याला चालणार नाहीत. म्हणून मधल्या सर्व्हिस फ्लोअरवर पीएचई बसवून लूप तोडतात, खालचं पाणी वर जात नाही, फक्त थंडावा जातो. समजा तिथे २०० टीआरचे (टीआर म्हणजे टन ऑफ रेफ्रिजरेशन, थंडाव्याचं माप) तीन पीएचई आहेत, दोन चालू एक स्टँडबाय. प्रायमरी, म्हणजे चिलरकडचं पाणी, ७ डिग्रीने येतं १३ ने परत जातं, सेकंडरी, म्हणजे वरच्या मजल्यांचं पाणी, ८.५ ने वर जातं १४.५ ने खाली येतं. प्रायमरी सप्लाय आणि सेकंडरी सप्लाय यांच्यातला हा दीड डिग्रीचा फरक म्हणजे अप्रोच, पुढे सगळीकडे लागणार आहे. (दुबई-अबूधाबीला डिस्ट्रिक्ट कूलिंगच्या, म्हणजे एका प्लँटमधून अनेक बिल्डिंगना थंड पाणी देतात तिथल्या, ईटीएस (एनर्जी ट्रान्सफर स्टेशन) रूममध्ये काम करणाऱ्या आपल्या मंडळींनाही हेच सगळं लागू आहे, तिथे फक्त प्रायमरी बाजू दुसऱ्याच्या मालकीची असते.)

लक्षणं

- सेकंडरी सप्लाय हेडर (सगळ्या पीएचईंचं पाणी एकत्र येतं तो मोठा पाइप) १०-११ डिग्रीवर अडकलेला, प्रायमरी व्हॉल्व्ह १०० टक्के उघडे, तरी खाली उतरत नाही.
- एकच पीएचई चालवला की टेम्परेचर बरं येतं, दुसरा जोडला की बिघडतं. किंवा स्टँडबायला हात लावला तर तोही पाणी वाहतंय असा लागतो.
- हेडरचं टेम्परेचर अगदी सेटपॉइंटवर, पण एक व्हॉल्व्ह ९० टक्के आणि शेजारचा ५ टक्के.
- रात्री लोड कमी झाला की दोन्ही व्हॉल्व्ह उघड-बंद, उघड-बंद, ट्रेंड बघितला तर करवतीचे दात.
- प्रायमरी रिटर्न ९-१० डिग्रीनेच परत, चिलरवाले ओरडतात की डेल्टा टी (सप्लाय-रिटर्नमधला फरक) मिळत नाही, एक चिलर जास्त लावावा लागतो.

यातलं नक्की कुठलं लक्षण आहे ते आधी लिहून घ्या, आणि बीएमएसवर (बिल्डिंगच्या कंट्रोल कॉम्प्युटरवर) किमान एका दिवसाचा ट्रेंड काढा, एक-एक मिनिटाचा. पंधरा मिनिटांच्या ट्रेंडमध्ये हंटिंग (व्हॉल्व्हचं सारखं वरखाली होणं) दिसतच नाही, सरळ रेघ दिसते आणि माणूस फसतो.

सेटपॉइंट शक्य तरी आहे का

हे पहिलं, कारण याला पानाही लागत नाही. चिलर प्लँटवाले वीज वाचवायला चिलरचा सेटपॉइंट ७ वरून ९ करतात (चांगली गोष्ट आहे, करावी), पण वरच्या पीएचईचा सेटपॉइंट ८.५ च राहतो. आता ९ डिग्रीच्या पाण्याने ८.५ चं पाणी कुठलाच पीएचई करू शकत नाही, कितीही मोठा घ्या. कंट्रोलरला हे कळत नाही, तो व्हॉल्व्ह १०० वर नेऊन बसतो, प्रायमरीचं पाणी काम न करता तसंच थंड परत जातं, आणि डेल्टा टी मरतो. एका ठिकाणी व्हॉल्व्ह उघडले की प्रायमरी पंपाचा डीपी (दोन बाजूंमधला प्रेशर फरक) पडतो, मग बाकीच्या झोनला पाणी कमी पडतं, तेही व्हॉल्व्ह उघडतात, आणि सगळी बिल्डिंग १०० टक्क्यांवर.

उपाय एका ओळीचा आहे. सेकंडरी सेटपॉइंट आकडा म्हणून टाकू नका, प्रायमरी सप्लाय अधिक दीड डिग्री असं सूत्र द्या, खाली ८.५ ची मर्यादा ठेवा. वरही एक मर्यादा हवी, नाहीतर पावसाळ्यात दमटपणा निघणार नाही आणि लोक कुबट वासाची तक्रार करतील.

याच फेरीत हेही बघून घ्या की कुठला व्हॉल्व्ह, कुठला पंप मॅन्युअलवर ठेवलेला नाही ना. सेकंडरी पंपाचा व्हीएफडी (पंपाचा वेग बदलणारा ड्राइव्ह) कोणीतरी "तात्पुरता" ५० हर्ट्झवर टाकलेला असतो, मग पीएचईमधून डिझाइनपेक्षा जास्त पाणी जातं आणि तेवढं थंड होणं शक्यच नसतं.

बंद पीएचई खरोखर बंद आहे का

या तक्रारीचं सगळ्यात मोठं कारण माझ्या मते हेच. पॅरलल पीएचईमध्ये एक बंद करायचा म्हणजे काय करतात, तर प्रायमरीचा कंट्रोल व्हॉल्व्ह ० टक्के. बस. सेकंडरी बाजूला एकतर मोटराइज्ड व्हॉल्व्हच नसतो, बजेटमध्ये कापलेला असतो, किंवा असतो पण हाताने उघडा ठेवलेला, किंवा बटरफ्लायची सीट गेलेली. मग सेकंडरीचं गरम रिटर्न त्या बंद पीएचईमधून तसंच गरम निघतं आणि पुढे सप्लाय हेडरमध्ये थंड पाण्यात मिसळतं.

हिशोब करून बघा, म्हणजे किती नुकसान होतं ते पटेल. तिन्ही पीएचईमधून सारखं पाणी, दोन चालू ८.५ चं देतायत, तिसरा बंद, त्यातून १४.५ चं जातंय. ८.५ अधिक ८.५ अधिक १४.५ म्हणजे ३१.५, भागिले ३, आले १०.५. दोन्ही चालू पीएचई अगदी डिझाइनप्रमाणे काम करतायत आणि हेडर मात्र १०.५! आता कंट्रोलर हेडर बघतो, त्याला ८.५ हवंय. त्यासाठी त्या दोघांनी ५.५ चं पाणी द्यायला हवं, आणि प्रायमरीच ७ चं आहे. म्हणजे व्हॉल्व्ह १०० वर जाणार, कायमचे. याला प्लेटा साफ करून काडीचा फरक पडणार नाही.

तपासणी हाताने होते. बंद पीएचईचे सेकंडरी इन आणि आउट दोन्ही पाइप बघा, इन्सुलेशनच्या बाहेर जिथे गेज किंवा थर्मामीटर पॉकेट आहे तिथे. काही तास बंद असलेल्या पीएचईचं पाणी हळूहळू खोलीच्या टेम्परेचरकडे जायला हवं. ते रिटर्न हेडरच्या टेम्परेचरवरच चिकटून राहिलं असेल तर पाणी वाहतंय. मग आयसोलेशन व्हॉल्व्ह हाताने पूर्ण बंद करा आणि अर्धा तास हेडर बघा. दीड-दोन डिग्री खाली आला तर निदान झालं. पण फक्त बंद करून सोडून देऊ नका हां, चालू पीएचई ट्रिप झाला तर स्टँडबाय कोण उघडणार, म्हणून तिथे मोटराइज्ड व्हॉल्व्ह आणि एंड स्विच (व्हॉल्व्ह खरंच पूर्ण उघडला-मिटला ते सांगणारा) टाकून घ्या आणि ते सीक्वेन्सला जोडा.

उलटी केसही असते, प्रायमरीचा व्हॉल्व्ह ० टक्क्यावर पण पासिंग, म्हणजे पूर्ण मिटत नाही, आतून पाणी जात राहतं. ते दिसतं असं की बंद पीएचई गरम व्हायच्या ऐवजी गारच राहतो. सेकंडरी वाहत नसेल तर नुकसान कमी, पण प्रायमरीचं थंड पाणी तसंच परत जातंय.

स्ट्रेनर आणि हवा

प्रत्येक पीएचईच्या आधी वाय स्ट्रेनर असतो, किंवा असायला हवा. दोन्ही बाजूंचा प्रेशर फरक एकाच गेजने मोजा, गेज एका बाजूचं काढून दुसऱ्या बाजूला लावा, कारण दोन वेगळ्या गेजांमध्येच ०.२ बारचा फरक सहज असतो आणि आपण शोधतोय तोही तेवढाच असतो. पॅरललमध्ये गंमत अशी की एकाचा स्ट्रेनर भरला तर पाणी मुकाट्याने दुसऱ्याकडे वळतं, एकूण फ्लो मीटर जवळपास तेवढाच दाखवतो, अलार्म येत नाही. म्हणून एकूण फ्लोवर जाऊ नका, प्रत्येकाचा वेगळा बघा. नवीन बिल्डिंगमध्ये पहिल्या वर्षी वेल्डिंगचा चुरा, टेफ्लॉन टेप, अगदी हेल्मेटच्या पट्ट्याचा तुकडासुद्धा निघतो.

हवा असेल तर पीएचईच्या वरच्या नोझलजवळचा व्हेंट उघडून काढा, मेंटेनन्सनंतर लगेच बिघडलं असेल तर आधी हेच.

सेन्सर खरं बोलतोय का

थर्मासमध्ये ठेचलेला बर्फ आणि थोडं पाणी, ढवळून दहा मिनिटं, झाले ० डिग्री. सगळे सेन्सर पॉकेटमधून काढून एकत्र त्यात टाका आणि बीएमएसवर काय दिसतं ते बघा. मला सगळे ० दाखवण्यापेक्षा सगळे सारखे दाखवतायत हे जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण पॅरललमध्ये दोन सेन्सरमधला फरक त्रास देतो.

एक चूक वारंवार सापडते ती सांगतो. १० के एनटीसीमध्ये (टेम्परेचर वाढलं की ज्याचा रेझिस्टन्स कमी होतो तो सेन्सर) टाइप २ आणि टाइप ३ असे दोन प्रकार येतात, २५ डिग्रीला दोन्ही १०,००० ओहम. म्हणजे एसी रूममध्ये बसून तपासलं तर दोन्ही बरोबर. पण ० डिग्रीला एक सुमारे ३२,६५० आणि दुसरा सुमारे २९,५०० ओहम. बदली सेन्सर दुसऱ्या प्रकारचा बसवला आणि कंट्रोलरमध्ये टेबल बदललं नाही तर चिल्ड वॉटरच्या रेंजमध्ये एक-सव्वा डिग्रीची चूक येते. अप्रोचच दीड डिग्रीचा, त्यात एवढी चूक म्हणजे सगळं निदानच वाकडं होणार. पीटी १००० (प्लॅटिनमचा सेन्सर) असेल तर मीटर लावून बघा, ८.५ डिग्रीला साधारण १०३३ ओहम यायला हवा.

जागाही बघा. हेडरचा सेन्सर शेवटच्या पीएचईच्या जोडणीच्या अगदी पुढ्यात असेल तर त्याला फक्त त्याच पीएचईचं पाणी लागतं, मिसळलेलं नाही. पुढे एखादा एल्बो आणि सरळ पाइप गेल्यावर लावा. पॉकेटमध्ये थर्मल पेस्ट भरा, कोरड्या पॉकेटमुळे सेन्सर उशिरा बोलतो आणि लूप झुलायला लागतो.

अॅक्च्युएटर

म्हणजे व्हॉल्व्ह फिरवणारी मोटर. आता स्क्रू ड्रायव्हर लागेल. कंट्रोलरवरून ०, २५, ५०, ७५, १०० अशा कमांड द्या आणि एक माणूस व्हॉल्व्हपाशी उभा करून दांडा खरंच किती फिरतोय ते बघायला सांगा. फीडबॅकवर विश्वास ठेवू नका, कपलिंग सैल असेल तर अॅक्च्युएटर फिरतो, फीडबॅक १०० येतो, आणि व्हॉल्व्ह जागचा हलत नाही.

डीआयपी स्विच बघा. एक अॅक्च्युएटर ०-१० व्होल्टवर, दुसरा २-१० वर, अशी जोडी फार ठिकाणी मिळते. ५ व्होल्ट दिले तर पहिला ५० टक्के उघडतो, दुसरा ३७.५ टक्के. एकटा पीएचई असता तर कंट्रोलरने सांभाळून घेतलं असतं, पॅरललमध्ये एकाच कमांडवर दोघांचा फ्लो वेगळा होतो. डायरेक्ट-रिव्हर्स उलटा असलेलाही मिळतो, तो लगेच कळतो.

कंट्रोल लॉजिक, इथे जरा वेळ द्या

बीएमएसच्या माणसाला शेजारी बसवा आणि एकच प्रश्न विचारा, की प्रत्येक व्हॉल्व्हला कुठला सेन्सर चालवतो.

जर उत्तर आलं "दोन्ही व्हॉल्व्हला वेगळा पीआयडी (कंट्रोल लूप), पण सेन्सर एकच, हेडरचा", तर भांडण तिथेच आहे. एकाच पाटीवर दोघांनी लिहायला बसावं तसं होतं. दोन्ही लूपमध्ये इंटिग्रल (साचलेल्या एररप्रमाणे आउटपुट सरकवत राहणारा भाग) आहे, ट्यूनिंगमध्ये किंवा सुरू होण्याच्या वेळेत किंचितही फरक असला की एकाचं आउटपुट वर सरकतं, दुसऱ्याचं खाली, आणि हेडर सेटपॉइंटवर असल्यामुळे एरर शून्य, म्हणून कोणीच परत यायला बघत नाही. वर लक्षणांत लिहिलं ते ९० आणि ५ टक्के ते हेच. दिसायला टेम्परेचर बरोबर, पण एक पीएचई पूर्ण भाराखाली आणि दुसरा रिकामा, अप्रोच वाईट, प्रायमरी पाणी जास्त.

दोन बरोबर पद्धती आहेत. सगळे पीएचई आणि व्हॉल्व्ह एकाच साइजचे असतील तर हेडर सेन्सरवर एकच मास्टर लूप ठेवा आणि त्याचं आउटपुट सगळ्या चालू व्हॉल्व्हना सारखं द्या. साइज वेगळे असतील तर प्रत्येकाच्या आउटलेटला स्वतःचा सेन्सर, स्वतःचा लूप, सेटपॉइंट एकच, मग सेन्सर मात्र वरच्या बर्फाच्या टेस्टमधून पास झालेले हवेत. मी शक्य तिथे पहिली पद्धत वापरतो, कारण पाच वर्षांनी दुसरा कोणी आला तरी त्याला बघताक्षणी समजते.

ट्यूनिंगसाठी आधी लूप मॅन्युअलवर घ्या, व्हॉल्व्ह १० टक्के हलवा आणि हेडरचं टेम्परेचर हलायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून बघा. समजा ९० सेकंद लागले. तर इंटिग्रल टाइम ३० सेकंद ठेवून कधीच स्थिर होणार नाही, उत्तर यायच्या आधीच कंट्रोलर पुन्हा पुन्हा ढकलत राहतो. मी त्या उशिराच्या निदान तीन-चार पट ठेवतो आणि डेरिव्हेटिव्ह शून्य. चिल्ड वॉटरला घाई नसते.

स्टेजिंग. लोड कमी झाला की लोक घाईने एक पीएचई बंद करतात, वीज वाचेल म्हणून. पण पीएचईला पंप नाही, मोटर नाही, तो चालू ठेवायला वीज लागत नाही. उलट दोघांत पाणी वाटलं तर प्लेटांचा एरिया जास्त मिळतो, अप्रोच सुधारतो, प्रेशर ड्रॉप कमी होतो. बंद करायचं ते एवढ्यासाठी की फार कमी फ्लोला प्लेटांमधली खळबळ थांबते आणि व्हॉल्व्ह सीटजवळ ५-१० टक्क्यांत कापत बसतो, तिथे नीट कंट्रोल होत नाही. रात्रीचं हंटिंग बहुतेक हेच असतं. म्हणून माझे आकडे असे: व्हॉल्व्ह १५-२० टक्क्यांच्या खाली २० मिनिटं सलग राहिला तर एक कमी करा, ९० टक्क्यांच्या वर १० मिनिटं आणि हेडर सेटपॉइंटच्या १ डिग्री वर असेल तर एक वाढवा. दोन्हींमध्ये भरपूर अंतर ठेवा.

जोडायचा क्रमही महत्त्वाचा. आधी प्रायमरी २०-२५ टक्के उघडा, आतलं साचलेलं पाणी गार होऊ द्या, मग सेकंडरी व्हॉल्व्ह सावकाश उघडा, मग लूपच्या ताब्यात द्या. सेकंडरी आधी उघडलं तर गरम पाण्याचा लोंढा हेडरमध्ये येतो, मास्टर लूप घाबरून सगळे व्हॉल्व्ह उघडतो आणि झुलणं सुरू. काढताना आधी सेकंडरी बंद, मग प्रायमरी. मात्र प्रायमरीत आइस स्टोरेजचं शून्याखालचं ग्लायकॉल असेल तर हा क्रम अजिबात वापरू नका! सेकंडरी वाहत नसताना प्रायमरी उघडलं की साधं पाणी आत गोठतं आणि प्लेट फाटते.

फ्लो आणि डीपी

इथून पुढे मोजमापाची साधनं लागतात. प्रत्येक पीएचईचा दोन्ही बाजूंचा प्रेशर ड्रॉप मोजा आणि डेटाशीटशी ताडा. ड्रॉप फ्लोच्या वर्गाने वाढतो, म्हणजे डीपी चौपट तर फ्लो दुप्पट. टीआर काढायला घनमीटर प्रति तास गुणिले डेल्टा टी भागिले ३.०२४, म्हणजे आपल्या २०० टीआरला ६ डिग्रीवर साधारण १०१ घनमीटर प्रति तास पाहिजे.

फ्लो कमी आणि डीपी जास्त, तर आत काहीतरी अडकलंय. फ्लो आणि डीपी दोन्ही कमी, तर अडथळा बाहेर आहे, व्हॉल्व्ह किंवा स्ट्रेनर. फ्लो बरोबर, डीपी बरोबर, पण अप्रोच दीडचा साडेतीन झालाय, तर प्लेटेवर थर आहे, किंवा पाइप उलटे जोडलेत. हो, नवीन साइटवर हेही तपासा. दोन्ही बाजूंचं पाणी समोरासमोर वाहायला हवं, एका पीएचईचे इन-आउट अदलाबदल झाले तर दोन्ही एकाच दिशेने वाहतात आणि मग सेकंडरीचं आउटलेट प्रायमरीच्या आउटलेटपेक्षा गार होऊच शकत नाही. तीनपैकी एकच पीएचई पहिल्या दिवसापासून कमजोर असेल तर बाण बघा, नेमप्लेट बघा.

हेडरच्या जवळचा पीएचई जास्त पाणी खातो, लांबचा उपाशी, असं असेल तर बॅलन्सिंग व्हॉल्व्हने सारखं करा. आणि रात्री बाकी झोन बंद झाल्यावर प्रायमरी डीपी वाढून व्हॉल्व्ह पासिंग करत असेल तर अॅक्च्युएटरचं क्लोज-ऑफ रेटिंग (किती डीपीपर्यंत व्हॉल्व्ह घट्ट बंद ठेवू शकतो ते) अपुरं आहे, तिथे डीपीसीव्ही किंवा पीआयसीव्हीचा (डीपी किंवा फ्लो आपोआप स्थिर ठेवणाऱ्या व्हॉल्व्हचा) विचार करा. हा खर्च मोठा आहे, पंपाचा डीपी सेटपॉइंट कमी करून भागतं का ते आधी बघा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

वरचं सगळं झालं आणि तरी अप्रोच वाईट, तेव्हाच प्लेटा उघडायचा विषय काढा. चिल्ड वॉटर बंद लूप आहे, त्यात कूलिंग टॉवरसारखा खार सहसा साचत नाही, साचतो तो काळा लोखंडाचा गाळ आणि चिकट बुळबुळीत थर. त्यामुळे आधी वॉटर ट्रीटमेंटवाल्याकडून पाण्याचा रिपोर्ट घ्या, नाहीतर साफ केलेल्या प्लेटा पुन्हा तशाच होतील.

प्लेटा स्वतः उघडू नका. प्लेट अर्धा-पाऊण मिलिमीटरची असते, पॅक किती मिलिमीटरला आवळायचा ते नेमप्लेटवर लिहिलेलं असतं, त्यापेक्षा जास्त आवळला तर प्लेट चेपते, कमी आवळला तर गळतो, आणि बोल्ट तिरके आवळले तर गॅस्केट बाहेर येतं. गळती दिसली म्हणून प्रेशर असताना बोल्ट आवळायचा प्रयत्न तर कधीच नको. केमिकल क्लीनिंगला हायड्रोक्लोरिक अॅसिड आणणाऱ्याला परत पाठवा, क्लोराइडमुळे स्टेनलेसला बारीक भोकं पडतात.

खालच्या लूपची एक्स्पान्शन टाकी वाहायला लागली आणि त्याच वेळी वरच्या लूपचा मेकअप (कमी झालेल्या पाण्याची भर) थांबत नसेल, तर आतून प्लेट फुटल्याची शंका घ्या. वरच्या लूपचं प्रेशर पीएचईपाशी जास्त असतं, म्हणून पाणी वरून खाली झिरपतं. असं दिसलं की एकेक पीएचई चारही व्हॉल्व्ह बंद करून वेगळा करा आणि कुठला वेगळा केल्यावर मेकअप थांबतो ते बघा, तो बंदच ठेवून कंपनीच्या माणसाला बोलवा. खालची पाइपिंग वरच्या प्रेशरसाठी नाही, हे विसरू नका. व्हीएफडी पॅनेल उघडायचं असेल तर इलेक्ट्रिशियन, आणि बीएमएसचं लॉजिक बदलायचं असेल तर आधी जुन्या प्रोग्रॅमचा बॅकअप.

फोन करण्याआधी एवढं लिहून ठेवा: प्रत्येक पीएचईची चार टेम्परेचर, चार प्रेशर, व्हॉल्व्ह कमांड आणि प्रत्यक्ष उघडलेला किती, दोन्ही बाजूंचा फ्लो, सगळं एकाच वेळचं, एकदा दुपारच्या लोडला आणि एकदा रात्री. हे असलं की येणारा माणूस थेट दुखऱ्या पीएचईपाशी जातो, नसलं तर पहिली व्हिजिट फक्त रीडिंग घेण्यात जाते आणि तिचं बिल वेगळं येतं.